निनावी तिपाईचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही म्हण पाळून चालत नाही. नदीचे मूळ तर त्याला भूगोलाच्या तासालाच शोधावे लागते. सोलापूर जिल्ह्यातून वाहणारी भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते, हे कोणीतरी शोध घेतला म्हणूनच आपल्याला ठाऊक आहे. जुन्या वस्तूंचे कूळही असेच शोधावे लागते आणि ते शोधण्याची एक रीत आहे. ती रीत शाळेतल्या मुलांना शिकवावी आणि ती वापरल्याशिवाय कोणतीही जुनी वस्तू शाळेबाहेर जाऊ देऊ नये, असे मला वाटते. ह्या लेखात मी त्याचीच बाजू मांडणार आहे.

उदाहरणासाठी एक अगदी साधी वस्तू घेऊ. समजा, सोलापुरातील एखाद्या जुन्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत लाकडाची तीन पायांची घोडी सापडली. रसायनशास्त्राच्या प्रयोगात चंचुपात्र ठेवण्यासाठी आपण लोखंडी तिवई वापरतो, ती ही नव्हे. ही चांगली छातीइतकी उंच आहे, तिचे पाय मिटतात आणि माथ्यावर पितळेचा काही भाग आहे. अशा घोडीला कोणी तिपाई म्हणते, कोणी स्टँड म्हणते, कोणी ट्रायपॉड. आपण तिपाई म्हणू. तिच्यावर कारखान्याचे नाव नाही, साल नाही, क्रमांक नाही. ती कोणाची, कोठची, कशासाठी केलेली? शाळेतील कोणालाच ठाऊक नाही.

दोन सोप्या वाटा

अशा वेळी बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. पहिली वाट भंगाराची. डेड स्टॉक रजिस्टरात नोंद सापडत नाही किंवा ‘लाकडी स्टँड, नग १’ एवढीच सापडते. मग निर्लेखनाच्या यादीत तिचे नाव चढते. लाकूड सरपणात जाते, पितळ वजनावर जाते आणि विषय मिटतो.

दुसरी वाट कौतुकाची. कोणीतरी तिच्यावरची धूळ झटकतो, सँडपेपरने घासून तिला चकचकीत पॉलिश देतो आणि काचेच्या कपाटाजवळ उभी करून वर पाटी लावतो: ‘ब्रिटिशकालीन दुर्मिळ दुर्बिणीचे स्टँड’. पुढच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना ते दाखवले जाते. दहा वर्षांनी ती पाटी हाच पुरावा होऊन बसतो.

ह्या दोन वाटा एकमेकींपासून फार दूरच्या वाटतात, परंतु दोन्हींत एकच उणीव आहे. तिपाईला कोणी काहीच विचारलेले नाही. मी तर म्हणेन की दुसरी वाट काही बाबतींत अधिक घातक आहे. भंगारात गेलेली वस्तू नाहीशी होते. खोटी पाटी मात्र राहते आणि पुढील पिढ्यांना चुकीचे शिकवत राहते.

तीनच पाय का?

प्रश्न विचारण्यापूर्वी वस्तूचे काम समजून घेतले पाहिजे. कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जाते, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. म्हणून जमीन कितीही खडबडीत असली तरी तीन पायांची वस्तू डगमगत नाही. चौथा पाय आला की तो त्याच प्रतलात असेलच असे नाही. हॉटेलातली डुगडुगणारी टेबले आठवा. ज्या उपकरणाला उघड्या माळावर स्थिर उभे राहायचे आहे त्याला तीन पाय असतात, ते ह्यासाठी.

अशी उपकरणे कितीतरी आहेत. जमिनीची मोजणी करणाऱ्यांचे थिओडोलाइट, पातळी मोजणारे डंपी लेव्हल, नकाशा जागेवरच काढण्याचे प्लेन टेबल, छायाचित्रकाराचा कॅमेरा, लहान दुर्बीण, सूर्यप्रकाशाच्या झोताने संदेश पाठवण्याचा लष्करी हेलिओग्राफ आणि चित्रकलेच्या शिक्षकांची घोडीसुद्धा! तेव्हा ‘ही दुर्बिणीची तिपाई’ असे म्हणणाऱ्याने आधी बाकीचे सहा पर्याय का नाकारले, ते सांगितले पाहिजे.

तिपाईला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न माथ्याला. उपकरण तिपाईवर बसत कसे होते? जुन्या थिओडोलाइटच्या आणि लेव्हलच्या तिपाईला बहुधा जाड पितळी माथा असतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला मोठे आटे पाडलेले असतात. उपकरण त्यावर झाकणासारखे फिरवून बसवीत. प्लेन टेबलच्या तिपाईला मध्यभागी आरपार भोक असते आणि खालून एक मोठा स्क्रू फळीला धरून ठेवतो. कॅमेऱ्याच्या तिपाईला लहान स्क्रू असतो. काही जुन्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत तर तिपाईला माथाच नसे. पितळी चकती कॅमेऱ्याच्या बैठकीतच बसवलेली असे आणि पायांची वरची टोके जराशी फाकवून तिच्या खुंट्यांत अडकवीत. अशी तिपाई पाहून ‘माथा हरवला’ असे म्हणण्याची घाई करू नये.

माथ्याच्या खाली पाहा. मध्यभागी लहानसा आकडा आहे काय? तो ओळंबा टांगण्यासाठी असू शकतो. मोजणी करणाऱ्याला उपकरण जमिनीवरील खुणेच्या बरोबर वर आणावे लागते, छायाचित्रकाराला त्याची गरज नसते. म्हणून हा आकडा मोजणीकडे बोट दाखवतो.

दुसरा प्रश्न स्क्रूच्या आट्यांना. इंग्लंडमधील अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली स्क्रूचे आटे सर्वत्र सारखे असावेत अशी योजना मांडली. त्यांच्या पद्धतीत पाव इंच जाडीच्या स्क्रूवर इंचाला २० आटे असतात आणि ३/८ इंच जाडीच्या स्क्रूवर १६. कॅमेऱ्याच्या तिपाईसाठी ही दोन मापे रूढ झाली आणि आजही जगभर तीच चालतात. आटे मोजणे सोपे आहे. स्क्रूवर पांढरा कागद घट्ट दाबा, त्यावर उमटलेल्या रेघा एका इंचात किती येतात ते मोजा आणि जाडी प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरने घ्या. ६ मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक स्क्रूवर दर मिलिमीटरला एक, म्हणजे इंचात पंचवीसहून थोडे अधिक आटे येतात, त्यामुळे तो चटकन वेगळा ओळखता येतो. परंतु ३/८ इंची आणि १० मिलिमीटरच्या स्क्रूंत गफलत होऊ शकते. एकाच्या इंचात १६ आटे, दुसऱ्याच्या जवळजवळ १७. येथे अर्ध्या इंचावर मोजून भागत नाही. जितकी लांबी मिळेल तितकी घ्यावी.

तिसरा प्रश्न पायांना. मोजणीच्या तिपाईचे पाय दणकट असतात. टोकाला लोखंडी अणी असते आणि पुष्कळदा तिच्यावर बाहेर आलेला कान असतो, तो पायाने दाबून अणी मातीत रोवावी म्हणून. हिंडत्या छायाचित्रकाराच्या तिपाईचे पाय त्यामानाने सडपातळ असतात, एकात एक सरकतात आणि आखूड होतात. स्टुडिओतल्या स्टँडला तर अणीऐवजी चाके असत.

चौथा प्रश्न लाकडाला. पायाच्या आडव्या कापाकडे भिंगातून पाहा. साग आणि ॲश ह्या लाकडांत मोठी छिद्रे वर्षवलयाच्या सुरुवातीला ओळीने दिसतात. महोगनीत ती सगळीकडे विखुरलेली असतात. साग तपकिरी आणि स्पर्शाला किंचित तेलकट, ॲश फिकट आणि लवचीक, महोगनी तांबूस. घनता काढून पाहण्याचा मोह होईल, ती जरूर काढावी; पण सागाची आणि ॲशची घनता जवळजवळ सारखीच, दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.६५ ग्रॅम असते. म्हणजे तराजू येथे निकाल देऊ शकत नाही. एखादे मोजमाप कितीही अचूक असले तरी ते आपल्या प्रश्नाचे उत्तर देईलच असे नाही, हा धडा ह्या तिपाईपाशी फुकट मिळतो.

पाचवा प्रश्न लहानसहान स्क्रूंना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी लाकडाच्या स्क्रूंची टोके बोथट असत. टोकदार स्क्रू त्यानंतर यंत्रावर होऊ लागले. डोक्यावर अधिकाच्या चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आला. असा एक स्क्रू दिसला म्हणजे तिपाई त्यानंतरची, असे मात्र समजू नका. तो दुरुस्तीत बसवलेला असू शकेल. सगळेच स्क्रू तसे असतील आणि त्यांच्याखाली जुन्या भोकांच्या खुणा नसतील, तर गोष्ट वेगळी.

शेवटी खुणा शोधाव्यात. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश तिरपा पाडला म्हणजे पुसट ठसे उठून दिसतात. ब्रिटिश सरकारच्या मालावर बाणाची खूण करीत. कागदी चिठ्ठी निघून गेली असेल तर तिच्याखालचे लाकूड वेगळ्या रंगाचे राहते आणि तेथे चिठ्ठी होती एवढे तरी कळते. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा सांगतो: पाहणी पुरी होईपर्यंत पॉलिश नको, सँडपेपर नको, ब्रासोही नको. एका दुपारच्या सफाईत शंभर वर्षांची साक्ष पुसली जाते.

पुरावा काय सांगत नाही

एवढी पाहणी झाली म्हणजे उत्तर हाती लागले, असे वाटेल. येथेच सांभाळावे लागते. प्रत्येक पुराव्याची एक हद्द असते आणि ती ओलांडली की विज्ञान संपून बादरायण संबंध सुरू होतो.

व्हिटवर्थचे आटे आढळले, तर तो स्क्रू १८४१ च्या आधीचा नाही एवढे म्हणता येते. तो किती नंतरचा ते त्यावरून समजत नाही, कारण तीच मापे आजही चालू आहेत. सर्व मापे इंचांत नेमकी बसली, तर? भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. पण कायदा बदलला म्हणून कारागिराच्या हातातली फुटपट्टी त्याच दिवशी बदलत नाही. इंची माप जुनेपणाकडे झुकते, ते सिद्ध करीत नाही.

लाकूड सागाचे निघाले तर ती भारतात बनली काय? तसे असू शकेल. पण साग जहाजबांधणीसाठी इंग्लंडातही मोठ्या प्रमाणावर जात असे. अणीला काळी माती चिकटलेली असली तर ती सोलापूरच्या शिवारात उभी राहिली असेल. वस्तू शेवटी कोठे वापरली गेली ते मातीवरून समजते, ती कोठे घडली ते नाही.

नाव नसणे हाही काही फार मोठा चमत्कार नाही. कारखानदार आपले नाव उपकरणाच्या पितळेवर कोरीत. स्टँड ही त्यांच्या दृष्टीने जोडवस्तू. शिवाय उपकरण परदेशी आणि पाय स्थानिक सुताराने नव्याने केलेले, असेही होऊ शकते. मग तिचे जन्मस्थान कोणते म्हणायचे? माथ्याचे एक आणि पायांचे दुसरे, असे प्रामाणिकपणे लिहावे.

‘जुनी म्हणजे विलायती’ हा समजही सोडून दिला पाहिजे. कलकत्त्याला सरकारचे मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिस एकोणिसाव्या शतकापासून मोजणीची उपकरणे दुरुस्त करीत होते आणि बनवीतही होते. त्यातूनच १९५७ साली नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या मोजणीतील मोठी थिओडोलाइट पुन्हा उपयोगात आणण्याचे काम करणारे कारागीर होते मूळचे अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन. १८४३ साली सरकारी उपकरणकाराच्या जागेवर त्यांचीच नेमणूक झाली. निनावी वस्तूला डोळे झाकून विलायती नाव देताना आपण अशा माणसांचे श्रेय काढून घेत असतो.

‘कार्बन-१४ ची चाचणी का करू नये?’ असे एखादा हुशार विद्यार्थी विचारील. प्रश्न चांगला आहे. परंतु साधारण १६५० ते १९५० ह्या काळातील लाकडाचे वय त्या पद्धतीने नेमके ठरत नाही. त्या काळात हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण असे वरखाली झाले आहे की एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळी वर्षे जुळतात. शिवाय ते वय लाकूड झाडात वाढले तेव्हाचे असते, सुताराने रंधा मारला तेव्हाचे नव्हे.

जेऊरचा मोह

सोलापूरला तर खोट्या पाटीचा एक मोठाच मोह आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून शिरून सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर भागावरून गेला. करमाळा तालुक्यातील जेऊर हे रेल्वेचे स्टेशन त्या पट्ट्यात होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कँपबेल तेथे मुक्कामाला आले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नाईगामवाला हेही आपल्या उपकरणांसह तेथेच होते. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेसाठी केवढी ही तयारी! ही घटना खरी आहे आणि सोलापूरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती माहीत असली पाहिजे.

आता आपली तिपाई घ्या. ती जुनी, सोलापूरची आणि उपकरणाची. ‘ही जेऊरच्या ग्रहणातली तर नसेल?’ हा विचार मनात आला म्हणजे अंगावर रोमांच उभे राहतात. विचार यावाच, पण तो आल्याबरोबर त्याच्याविरुद्ध काय काय म्हणता येईल, ते आधी मांडावे.

पहिली गोष्ट, जेऊरला कँपबेल यांचा मुख्य कॅमेरा ४० फूट लांबीचा होता. एवढ्या नाभीय अंतराच्या भिंगाने सूर्याची प्रतिमा जवळजवळ साडेचार इंच व्यासाची पडते. असे धूड तिपाईवर बसत नाही. त्याला जागेवरच उभारावे लागते. दुसरी गोष्ट, दूरदेशीची पथके आपले मौल्यवान सामान बहुधा बांधून परत नेतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सोलापूरच्या मुलुखात तिपाया घेऊन हिंडणारी माणसे दोन मिनिटांच्या ग्रहणापुरती आलेली नव्हती. शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणीची नवी पद्धत सुरू केली आणि ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. १८६० साली सोलापूरला रेल्वे आली. १८७१ च्या सुमारास एकरूखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव पुरा झाला. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. पुढे रस्ते, कालवे, उजनीचे धरण आणि शिवाय शहरातले छायाचित्रकार. ह्या सर्वांना तिपाया लागल्या. तेव्हा निनावी तिपाई ह्यांच्यापैकी कोणाची तरी असण्याचा संभव ग्रहणवाल्यांच्या मानाने फार मोठा आहे.

मग जेऊरचे नाव केव्हा द्यावे? नाईगामवालांचा जेऊरच्या वेधांचा अहवाल १९०२ साली छापला गेला. अशा अहवालातील चित्राशी तिपाईचे बारकावे जुळले, एखाद्या नोंदवहीत खरेदी किंवा देणगीची ओळ सापडली, तर जरूर द्यावे. कागद सापडला तर केवढा उजेड पडतो, ह्याचे उदाहरण त्याच वेधशाळेत आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ह्या वेधशाळेत डब्लिनच्या ग्रब कारखान्याची २० इंची दुर्बीण होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आजही ती ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली जाते. कोणी बनवली, कोणी दिली, कोठून कोठे गेली, सर्व कागदावर आहे, म्हणून तिच्याबद्दल वाद नाही.

विजयदुर्गचे कट्टे

खोटी पाटी किती काळ टिकते हे पाहायचे असेल तर त्याच ग्रहणाच्या पट्ट्यातील विजयदुर्गाला जावे. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे ओटे आहेत. नॉर्मन लॉकयर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात येथूनच सूर्य पाहिला आणि हेलियमचा शोध लावला, ही कथा अनेकांनी ऐकलेली असते, छापूनही येते.

वस्तुस्थिती अशी आहे की १८६८ च्या ग्रहणात लॉकयर भारतात नव्हते. त्या ग्रहणाचे वेध फ्रान्सचे पियेर जान्सेन यांनी गुंटूरहून घेतले. लॉकयर यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला तो ऑक्टोबर १८६८ मध्ये, इंग्लंडमध्ये आणि ग्रहणावाचून! ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरे. साल मात्र दुसरे आणि शोध दुसरीकडचा.

‘एवढ्याने काय बिघडले? त्या निमित्ताने लोकांना हेलियम तर कळला!’ असे म्हणणारे भेटतात. माझे त्यांना उत्तर असे की, खरी हकीकत काय कमी सुरस आहे? ग्रहण नसतानाही सूर्याच्या ज्वाला पाहण्याची युक्ती जान्सेन आणि लॉकयर ह्या दोघांना एकमेकांपासून हजारो मैलांवर स्वतंत्रपणे सुचली. खोट्या कथेने ही गोष्ट झाकली गेली. चुकीची पाटी खऱ्या माहितीची जागा अडवून बसते, हा तिचा सर्वांत मोठा दोष.

शिक्षकांची अडचण

येथे शिक्षकांची बाजू ऐकली पाहिजे. अभ्यासक्रम पुरा करायचा, परीक्षा घ्यायच्या, त्यात ही मोडकी तिपाई कोणी सांभाळायची? जागा कोठे आहे? वाळवी लागली तर? ही तक्रार रास्त आहे. प्रत्येक जुनी वस्तू जतन करावी असे माझे म्हणणेच नाही. शाळा म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे.

माझी मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. वस्तू जाण्याआधी तिची नोंद व्हावी. माथा, आटे, पाय, लाकूड, खुणा ह्यांची मोजमापे आणि बाजूला पट्टी ठेवून काढलेली आठ-दहा छायाचित्रे. हल्ली खिशातल्या फोनने ती पाच मिनिटांत निघतात. नववीच्या वर्गाला हे काम दोन तासांचे आहे आणि त्यात मापन, भूमिती, वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि तर्क इतके विषय एकदम येतात. एवढे झाल्यावर शाळेने ती ठेवावी, वापरावी, सोलापूरच्या विज्ञान केंद्राला किंवा एखाद्या महाविद्यालयाला विचारून द्यावी किंवा अगदीच मोडली असेल तर टाकावी. नोंद राहिली म्हणजे निम्मी वस्तू राहिली.

ही घाई आताच करायला हवी, ह्याला कारण आहे. जमीनमोजणीत आता टोटल स्टेशन आणि उपग्रहांवर चालणारे रोव्हर आले आहेत. प्लेन टेबल निवृत्त झाले. कॅमेऱ्यांच्या तिपाया ॲल्युमिनियमच्या आणि कार्बन तंतूंच्या झाल्या. १८७७ सालच्या जुन्या मिलपासून सोलापूरच्या कितीतरी गिरण्या बंद पडल्या आणि त्यांची सामग्री इकडेतिकडे गेली. लाकडी तिपाई हातात धरून काम केलेली माणसे आता वयोवृद्ध आहेत. त्यांना ‘काका, हा आकडा कशासाठी हो?’ असे विचारण्याची संधी फार वर्षे राहणार नाही. निवृत्त भूकरमापक, जुने छायाचित्रकार, पेठेतले सुतार ह्यांच्याकडे वस्तूचे चित्र घेऊन जा. मात्र त्यांनी सांगितलेले ‘अमुक म्हणतात’ असे लिहा, स्वतःच्या निरीक्षणाच्या रकान्यात ते मिसळू नका.

पाटी कशी असावी

शेवटी पाटीविषयी. माझ्या मते पाटीवर तीन ओळी असाव्यात. पहिल्या ओळीत आपण प्रत्यक्ष काय पाहिले ते: ‘लाकडी तिपाई, सागासारखे लाकूड, पितळी माथा, मध्यभागी ओळंब्याचा आकडा, निर्मात्याचे नाव नाही.’ दुसऱ्या ओळीत त्यावरून काढलेले अनुमान, त्याच्या खात्रीसह: ‘मोजणीच्या उपकरणाची असावी, बऱ्यापैकी खात्री, भारतात बनलेली असावी, खात्री कमी.’ तिसऱ्या ओळीत हे अनुमान कशाने बदलेल ते: ‘खरेदीची नोंद, जुने छायाचित्र किंवा जोडीचे उपकरण सापडल्यास पुन्हा विचार करावा.’

ह्या पाटीत ‘दुर्मिळ’ हा शब्द नाही आणि पाहुणे तिच्यापुढे कदाचित थांबणारही नाहीत. पण एखादी चौकस मुलगी थांबेल, तिसरी ओळ वाचील आणि आपल्या आजोबांच्या ट्रंकेतला एखादा फोटो घेऊन दुसऱ्या दिवशी शाळेत येईल. चकचकीत पाटीने हे कधीच घडत नाही, कारण तिने विचारायला काही शिल्लकच ठेवलेले नसते.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीपूर्वी आपल्या सरांची किंवा बाईंची परवानगी घेऊन शाळेची अडगळीची खोली एकदा उघडा. तिपाईच मिळेल असे नाही. तराजू मिळेल, होकायंत्र मिळेल, फुटकी बॅटरी मिळेल. वही, पट्टी, भिंग आणि विजेरी बरोबर न्या. फडके मात्र घरी ठेवा. वस्तू पुसण्याआधी वाचावी लागते. आणि सर्व प्रश्न विचारून झाल्यावरही तिचे कूळ सापडले नाही, तर वहीत स्वच्छ अक्षरात ‘अज्ञात’ असे लिहा आणि खाली तारीख घाला. पुढचा शोधक तेथूनच सुरुवात करील.